कारंजा मार्ग, क्रमांक ११८

सकाळी पावणेसातला घरातला फोन वाजला. पलीकडून राजधानीतल्या डोळ्यांच्या दवाखान्याची बाई बोलत होती. "तुमच्या पेशंटचा यादीत नंबर लागलाय. डोळा मिळालाय. दुपारी दोनच्या आत इथे नोंद झाली पाहिजे. पेशंटला उपाशी आणा. दोन वाजले की डोळा पुढच्या नावाला जातो, मग आमच्या हातात काही राहत नाही."

पोस्टमनने रिसीव्हर ठेवला आणि बायकोला हाक मारली. ती चुलीपाशी चाचपडत कप शोधत होती. तिचा उजवा डोळा लहानपणीच गेलेला, आणि डाव्याच्या बुबुळावर फूल पडून आता दीड वर्ष उलटलं होतं. उजेड आणि सावली कळायची, माणूस कळायचा तो पावलांवरून. गावात शिबिर भरलं तेव्हा डॉक्टरीणबाईंनी तिचं नाव यादीत घातलं आणि बजावलं होतं, की फार उशीर झाला तर नवं बुबुळही धरणार नाही. तेव्हापासून चौदा महिने दोघं त्या फोनकडे कान लावून होती. बायको तिथेच जमिनीवर बसली आणि पदराने तोंड दाबून रडली. मग उठली, तोंड धुतलं आणि म्हणाली, "चला."

आता हा पोस्टमन म्हणजे काय चीज होती, ते आधी सांगितलं पाहिजे. एकतीस वर्षं त्याने त्या लहानशा गावात टपाल वाटलं होतं, आणि आठ महिन्यांपूर्वी निवृत्त झाला होता. एकदा पाकिटावर नुसतं 'चष्मेवाल्या सूनबाईस मिळो' एवढंच लिहून आलेलं पत्र त्याने बरोबर त्या सूनबाईच्या हातात दिलं होतं. ही कथा बायकोने किमान दोनशे वेळा ऐकली होती. राजधानीत तो जन्मात गेला नव्हता. पण राजधानीचं टपाल रोज संध्याकाळी तोच निवडायचा, त्यामुळे तिथले सगळे रस्ते त्याला तोंडपाठ. टांकसाळ रस्ता, संसद मार्ग, वकील आळी, जुनी छावणी, कारंजा मार्ग. कोणता रस्ता कोणत्या विभागात, हे झोपेतून उठवून विचारा. घोडं फक्त कधी पाहिलं नव्हतं, नाल मात्र हजार ठोकले होते.

बसमध्ये बसतात न बसतात तोच खिशातल्या मोबाइलवर मेव्हण्याचा फोन आला. बायकोचा हा धाकटा भाऊ राजधानीत सरकारी गाडीवर ड्रायव्हर होता. बहिणीने निघताना शेजारणीकडून त्याला निरोप धाडला होता.

"भावजी, मी स्टँडवर येतो. साहेबांना सांगून तासभर सुटतो. ताईला घेऊन तुम्ही फाटकापाशी थांबा."

"काही गरज नाही," पोस्टमन म्हणाला. "एकतीस वर्षं लोकांची घरं शोधतोय मी. एक दवाखाना सापडणार नाही होय?"

"तसं नाही हो. इथलं जरा वेगळं आहे."

"पत्ता आहे माझ्याकडे. कारंजा मार्ग, क्रमांक एकशे अठरा. तू तुझी ड्युटी कर."

बायकोने सगळं ऐकलं. ती हळूच म्हणाली, "येऊ दे की त्याला. माझाच भाऊ आहे."

"आणि मग जन्मभर सगळ्यांना सांगत सुटेल, की भावजींना मी हाताला धरून नेलं. लग्नात काय म्हणाला होता आठवतंय ना? भावजींचं जग पाच गल्ल्यांचं." पोस्टमनच्या मनात ते बोलणं तेहेतीस वर्षं काट्यासारखं सलत होतं. बायको गप्प बसली. ती अशी गप्प बसली की त्याला वाटायचं, पटलं हिला.

दहा चाळीसला बस राजधानीच्या स्टँडवर लागली. हातात तीन तास वीस मिनिटं. फाटकापाशी टॅक्सीवाला उभा होता. बायकोचा डोळा पाहून तो स्वतःहून म्हणाला, "डोळ्यांचा दवाखाना ना? चला, सोडतो."

"कारंजा मार्ग, एकशे अठरा," पोस्टमन म्हणाला.

"नंबर-बिंबर मला नाही माहीत. डोळ्यांचा दवाखाना म्हणा."

"ज्याला नंबर माहीत नाही तो मला पोचवणार?" पोस्टमन बायकोला म्हणाला, तेही टॅक्सीवाल्याला ऐकू जाईल असं. "गावभर फिरवेल आणि भाडं उकळेल. चल, पायी जाऊ. एवढंसं तर शहर."

टॅक्सीवाल्याने खांदे उडवले. शहर एवढंसं होतं हे खरं. एका टोकाला उभं राहून दुसऱ्या टोकाची पाण्याची टाकी दिसायची. पण एवढ्याशा शहरात सरकार कोंबलेलं, त्यामुळे दर तिसरी इमारत कसलं तरी भवन, दर भवनापुढे पहारेकरी, आणि रस्त्यावर साधी माणसं अशी चालत होती जणू परवानगी काढून आली आहेत.

पोस्टमनचा हिशेब सरळ होता. त्याच्या गावात घरांचे क्रमांक पोस्टापासून सुरू व्हायचे. डावीकडे विषम, उजवीकडे सम, आणि पोस्टापासून जितकं लांब तितका आकडा मोठा. सगळीकडे असंच असणार, दुसरं कसं असेल? म्हणून आधी मोठं पोस्ट गाठायचं. टांकसाळ रस्त्याने तो निघाला. दंडाला बायको, खांद्याला पिशवी, आणि मान अशी ताठ की विचारू नका.

खरं सांगायचं तर त्याला आनंद झाला होता. जी नावं एकतीस वर्षं पाकिटांवर वाचली ते रस्ते आज पायाखाली होते. "हा बघ संसद मार्ग," तो म्हणाला. "आणि ती बघ, ती वकील आळी. दर आठवड्याला रजिस्टर पत्रं असायची हिच्या नावाची. बघ तरी."

"बघता आलं असतं तर आलो असतो का इथे?" बायको म्हणाली.

तो हसला. ती हसली नाही.

वाटेत एका टपरीवर त्याने चहा घेतला आणि दोन पाव खाल्ले. सकाळपासून त्याच्याही पोटात काही नव्हतं, आणि डॉक्टरांनी उपाशी राहायला सांगितलं होतं ते पेशंटला, पेशंटच्या नवऱ्याला थोडंच? बायको बाकावर बसून त्याचे फुरके ऐकत राहिली. टपरीवाल्याने तिला पाणी दिलं तर तिने मानेनेच नको म्हटलं. "विचारा ना यांना," ती म्हणाली. "माहीत असेल त्यांना." पोस्टमनने तिच्या कोपराला धरून उठवलं. बाहेर आल्यावर म्हणाला, "पोस्टमनने पत्ता विचारायचा? लोक मला विचारायचे."

मोठ्या पोस्टात तर त्याने कहरच केला. बायकोला पायरीवर बसवून तो आत गेला. उंच छत, लांबच लांब टेबलं, प्रत्येक विभागाचं वेगळं कपाट. तो वीस मिनिटं नुसता बघत उभा राहिला. एका कारकुनाला त्याने निवृत्तीचं कार्ड दाखवलं. कारकुनाने ते उलटसुलट करून परत दिलं आणि विचारलं, "बरं, काम काय?" आता इथे, टपालाच्या माहेरघरात, नुसतं 'एकशे अठरा कुठे आलं हो' एवढं विचारलं असतं तर काय बिघडणार होतं? पण कारकुनाचा तो आवाज ऐकून पोस्टमनला आतून खूप लागलं. "काम काही नाही, सहज आलो होतो," असं म्हणून तो बाहेर पडला. बारा वाजून गेले होते. पायरीवर बायकोच्या चेहऱ्यावर ऊन आलं होतं आणि ती सरकलीही नव्हती, कारण कुठे सरकायचं ते तिला दिसत नव्हतं.

पोस्टाच्या कोपऱ्यावरच पाटी सापडली, कारंजा मार्ग. पहिलं घर क्रमांक तीन. दुसरं पाच. "काय म्हणालो होतो?" पोस्टमनने छाती काढली. तिसरं घर होतं दोनशे बारा. चौथं सत्तेचाळीस. मग एका कसल्याशा महामंडळाचं कार्यालय, त्यावर नऊ. पोस्टमनने बायकोला काही सांगितलं नाही. एखाद्याने पाटी चुकीची लावली असेल, त्याने मनात म्हटलं. पुढे होईल नीट.

पुढे काही नीट झालं नाही. रस्ता वळत गेला, आकडे वाटेल तिथे उड्या मारत गेले. साठ, मग एकशे नव्वद, मग चौदा. ऊन डोक्यावर आलं. बायकोचं पाऊल एकदा फरशीच्या कडेवरून घसरलं आणि गुडघा खरचटला. तिने नुसतं "अगं आई" म्हटलं आणि उठली. साडेबाराला मेव्हण्याचा फोन आला, पोचलात का म्हणून.

"पोचलोच," पोस्टमन म्हणाला आणि फोन बंद केला.

"कुठे पोचलो?" बायकोने विचारलं.

"आलंच आता. तू बोलण्यात दम घालवू नकोस."

एक वाजता त्याला एकशे सतरा क्रमांक दिसला आणि तो जवळजवळ ओरडलाच, "सापडलं." पण एकशे सतरा म्हणजे शिक्के बनवणाऱ्याचं दुकान होतं. त्याच्या शेजारी सोळा, समोर एकशे दोन, आणि मागे भिंत. दुकानदार दारात येऊन बघू लागला. काय हवंय म्हणाला. पोस्टमन म्हणाला, "काही नाही." बायको म्हणाली, "अहो, आम्हाला..." आणि पोस्टमनने तिचा दंड असा आवळला की ती मधेच थांबली. त्या दंडावर चार बोटं उमटली. हे लिहिताना बरं वाटत नाही, पण झालं ते असं झालं.

मग वळणावरून सायकलवर एक पोस्टमन आला. तिथला पोस्टमन, पोरगेलासा, टोपी मागे सरकवलेली. आपला पोस्टमन झटकन पुढे झाला. व्यवसायबंधूला विचारणं म्हणजे काही परक्याला विचारणं नव्हे, असं त्याने स्वतःला समजावलं असावं. "काय हो, एकशे अठरा कुठे?"

"नंबर नका सांगू, काका. नाव सांगा. इथे नंबराने कोण शोधतं? ज्याचं घर आधी बांधून झालं त्याला आधीचा नंबर, असं आहे इथे. राजधानी झाली तेव्हापासून. आम्ही वाटतो ते नावावर."

"डोळ्यांचा दवाखाना," बायको मागून म्हणाली.

"तो होय? तो तर स्टँडच्या मागच्या भिंतीला लागून आहे. हा रस्ता सगळ्या शहराला वळसा घालून तिथे जाऊन संपतो. बसमधून उतरलात आणि मागच्या दाराने गेलात की दोन मिनिटं. तुम्ही इकडे कशाला आलात?" पोरगा सायकलवर टांग टाकत म्हणाला, "आल्या वाटेने परत जा. चाळीस मिनिटं लागतील बघा."

तो गेला. सव्वा वाजला होता. पोस्टमन म्हणाला, "जवळच आहे म्हणतोय."

"काखेत कळसा नि गावाला वळसा," बायको म्हणाली. "मला कान आहेत. चला, पाय उचला."

तिने आता त्याचा दंड धरला नाही. पिशवीचा पट्टा धरला आणि त्याला अक्षरशः ढकलत निघाली. दोन वाजायच्या आत, दोन वाजायच्या आत, एवढंच पोस्टमनच्या डोक्यात. टॅक्सी दिसेना. दिसणार कुठून, पुढचा चौकच दोऱ्या लावून बंद केला होता. कोणी बडे पाहुणे विमानतळावरून यायचे होते. शिट्टी तोंडात धरून पोलीस उभा होता.

"साहेब, पेशंट आहे. डोळ्याचं ऑपरेशन आहे दोन वाजता. आम्हाला नुसतं पलीकडे जायचंय."

पोलिसाने शिट्टी काढली. "डोळ्याचं ना? हृदयाचं नाही ना? मग थांबा."

आजूबाजूचे दोघं-चौघं हसले. पोस्टमनने घड्याळात पाहिलं, पाच मिनिटांनी पुन्हा पाहिलं, परत पाहिलं. रस्ता मोकळा, एक कुत्रंही नाही त्यावर, आणि ओलांडायचा मात्र नाही. बायको म्हणाली, "किती वाजले?" तो म्हणाला, "दीडच." पावणेदोन वाजले होते. शेजारच्या एका बाईने लगेच सांगून टाकलं, "अहो, पावणेदोन झाले." बायकोने मान हलवली. पंचवीस मिनिटांनी सात काळ्या गाड्या सुसाट गेल्या आणि दोरी सुटली. तोवर तिला भुकेने घेरी यायला लागली होती. दोनदा तिला भिंतीला टेकवून उभं करावं लागलं.

स्टँडला वळसा घालून ते दवाखान्यात शिरले तेव्हा दोन सत्तावीस झाले होते. दारावर निळी पाटी होती आणि पाटीवर पांढऱ्या अक्षरांत ११८. नोंदणीच्या खिडकीमागे चष्मा कपाळावर चढवलेली बाई होती. तिने नाव ऐकलं, वही पाहिली आणि तोंडाने चुक् असा आवाज केला.

"घरच्या नंबरावर तीनदा फोन केला. कोणी उचलेना. दोन पाचपर्यंत थांबलो आम्ही. मग पुढच्या नावाला बोलावलं. इथेच मागे वसतिगृहात स्वयंपाकी आहे तो, चपला घालून चालत आला. आत घेतलं त्याला."

"पण डोळा आमचा होता," पोस्टमन म्हणाला.

"डोळा ज्याचा होता तो सकाळी गेला, काका."

पोस्टमनला तोंडात मारल्यासारखं झालं. आणि अशा वेळी माणसाने काय बोलावं? त्याने क्रमांकांची तक्रार काढली. नगरपालिकेने घरांचे क्रमांक कसे लावलेत, एकशे सतराच्या शेजारी सोळा कसा, जगात कुठे असं असतं का, याला जबाबदार कोण. सुंभ जळाला तरी पीळ जाईना.

"तुम्ही कोण?" बाईने मधेच विचारलं.

"मी एकतीस वर्षं टपाल खात्यात होतो."

"बरं. आणि स्टँडवर कोणाला विचारलं नाहीत? तिथला हमालसुद्धा आणून सोडतो." तिने एक कागद पुढे ओढला आणि बायकोकडे वळली. तिचा आवाज जरा मऊ झाला. "बाई, पुन्हा यादीत ठेवायचं तर उशिराचं कारण लिहावं लागतं. पेशंट किंवा घरच्यांच्या हलगर्जीपणाने उशीर झाला असेल तर नाव शेवटाला जातं. शेवटाला म्हणजे आज तीनशे सहावं. काय लिहू?"

तीनशे सहा. चौदा महिन्यांत ते बेचाळिसावरून पहिल्या नंबरावर आले होते. पोस्टमनला हिशेब करायची गरज पडली नाही. तितके दिवस त्या डोळ्याकडे नव्हते.

"रस्ता बंद होता," तो घाईने म्हणाला. "पाहुणे येणार होते म्हणून."

"रस्ता दीडनंतर बंद झाला. आमच्याकडे आदेश आलाय त्याचा. तुमच्या गावची बस दहा चाळीसला लागते."

मग बायको पुढे सरकली, खिडकीची कडा चाचपून तिने धरली आणि म्हणाली, "लिहा, आणायला कोणी नव्हतं."

बाईचं पेन थांबलं. "सोबत कोणी नाही, असं? तसं असेल तर तुमचा नंबर हलत नाही. पुढच्या वेळी आमची गाडी दारात येते न्यायला. पण खरंच कोणी नसलं पाहिजे हं." मग तिने काचेतून पोस्टमनकडे पाहिलं. "मग हे कोण?"

"कोण उभं आहे?" बायको म्हणाली. "मला दिसत नाही, बाई."

ती रागाने म्हणाली असती तर त्याला सोसलं असतं. ती शांतपणे म्हणाली, एखाद्या दुकानात भाव विचारावा तशी. तेहेतीस वर्षं ही बाई गल्लीच्या तोंडाशी त्याचं पाऊल वाजलं की चहाचं आधण ठेवत होती. तो तिच्या तोंडाकडे बघत राहिला, की आता वळेल, आता काही बोलेल. ती समोर काचेकडे तोंड करून उभी होती.

"काका," खिडकीतल्या बाईने विचारलं, "तुम्ही यांचे कोण लागता?"

नवरा म्हटलं की तीनशे सहा. त्याला एवढी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती, आणि ती लाज कोणाला दाखवायची सोयही उरली नव्हती.

"कोणी नाही," तो म्हणाला. "रस्ता दाखवत होतो."

बाईने ओठ दाबले. तिला कळलं नसेल असं नाही. पण तिने लिहिलं, शिक्का मारला आणि बायकोचा अंगठा धरून कागदावर टेकवला. मग पोस्टमनला म्हणाली, "तुम्ही बाहेर व्हा आता. इथे फक्त पेशंटच्या माणसांनी थांबायचं."

पोस्टमनने खांद्यावरची पिशवी उतरवली आणि बायकोच्या पायाशी ठेवली. तिचा हात खाली आला, चाचपडला, पट्टा सापडला तशी तिने ती उचलून छातीशी धरली. कोणी ठेवली ते तिने विचारलं नाही. "बाई," ती म्हणाली, "काही खायला मिळेल का? आणि मला परतीच्या बसमध्ये बसवून द्यायला कोणी आहे का?"

"शिपाई देईल की. स्टँड मागेच आहे."

थोड्या वेळाने शिपाई तिला हाताला धरून बाहेर घेऊन आला. दारात पोस्टमन उभा होता. शिपाई त्याला म्हणाला, "सरका जरा," आणि तो भिंतीला लागून सरकला. बायको त्याच्या अंगावरून गेली, इतकी जवळून की तिचा पदर त्याच्या हाताला लागला. शिपायाने मागच्या दाराची कडी काढली. पोस्टमन दहा पावलं मागे राहून चालू लागला. शिपायाला संशय येईल म्हणून त्याला त्याहून जवळ जाता येत नव्हतं.